घोड्याच्या उंचीचे जिवाणू

४ मार्च, मंगळवार
सकाळी सव्वासहा. शिडीवर उभा राहून भिंत पुसत होतो.

मास्तर,

नमस्कार. घ्यायचा की नाही ते तुम्ही ठरवा, मी आपला केला आहे.

तुमचा भिंतीवरचा घोडा अजून आहे. हे सगळ्यात आधी लिहितो, कारण हे पत्र काकू मोठ्याने वाचत असतील आणि पुढचे ऐकायच्या आत तुम्ही चपला घालून बाहेर पडाल. कृपा करून बसा.

मी कॉलेजच्या संग्रहालयातच राहतो. दालनाच्या मागे मोडक्या बाकांची खोली आहे, तिथे जीवशास्त्राच्या बाईंनी मला खाट दिली आहे. भिंत लवकर पुसायला घेतली, कारण तेव्हा कोणी बघायला नसते. कोरडे फडके, वरून खाली, एकाच दिशेने. अर्ध्यावर आल्यावर लक्षात आले की फडके घोड्यापाशी आपोआप वळसा घेते आहे. मग घोडाही पुसला, पण नुसत्या बोटाने, मानेवरची धूळ तेवढी.

तुम्ही ही भिंत रंगवलीत तेव्हा माझा जन्मही झाला नव्हता. डावीकडे प्राणी, उजवीकडे वनस्पती, मधून नदी. बाई आपल्या पाट्यांच्या दुकानात आल्या आणि ही भिंत नव्याने करायची आहे म्हणाल्या, तेव्हा तुम्ही सांगितलेत, "माझी भिंत मी पुसणार नाही, आणि माझ्या हाताखालचा कोणी पुसणार नाही." पंधरवडा गेला आणि मी त्यांचे काम घेतले. त्यावर तुम्ही मला जे बोललात ते इथे लिहीत नाही, काकूंना वाचावे लागेल.

मी तेव्हा पैशांचे कारण सांगितले. ते खरे आहे, पण पूर्ण नाही. मी नाही म्हटले असते तर बाईंनी दुसरा माणूस आणला असता. त्याने रोलर फिरवला असता आणि जेवणाच्या सुट्टीच्या आत तुमची भिंत संपली असती. मी निदान हळू संपवीन. हे तुम्हाला पटणार नाही, मला माहीत आहे.

मास्तर नुसते बघायलाही का आले नाहीत असे बाईंनी विचारले. त्यांना फार कामे आहेत, असे मी म्हणालो. तुमच्या हाताबद्दल कोणाला काही बोललेलो नाही.

काल मी बाईंना विचारले, "पण बाई, या भिंतीत चूक काय आहे?" मला खरोखरच दिसत नव्हती.

"चूक नाही रे, जुनी आहे. पूर्वी अशीच विभागणी करायचे. चालतं, खातं, ते प्राणी. जागेवर उभं राहतं ते झाड. मग आळिंबी कुठे टाकायची? जागेवर उभी आहे ना, टाका झाडांत."

"मग ती झाडांत नाही?"

"झाड आपलं अन्न आपण तयार करतं. आळिंबी करते का? ती दुसऱ्याच्या जिवावर जगते. किड्यांच्या कवचात जे द्रव्य असतं ना, तेच तिच्या पेशींच्या भिंतीत सापडतं. आळिंबी झाडापेक्षा आपल्याला जवळची."

"आपल्याला म्हणजे कोणाला?"

"तुला, मला, त्या घोड्याला."

काल संध्याकाळी खाणावळीत नेमकी आळिंबीची भाजी होती. खाल्ली, पण जरा अवघडल्यासारखे झाले.

तुमचा
टिंब

९ मार्च, रविवार
दुपारी दोन. निळीची पुरचुंडी बांधून हात धुतले.

मास्तर,

काकूंचे पत्र मिळाले. तुम्ही ऐकत नाही असे दाखवता, पण मधेच "देवमाशाचं काय केलं त्याने?" असे विचारलेत, असे त्यांनी लिहिले आहे. म्हणून सांगतो. देवमासा गुरुवारी गेला. त्याच्या डोळ्यावर ब्रश फिरवताना मी दुसरीकडे बघत होतो, त्यामुळे तिथे थोडे राहून गेले आणि शुक्रवारी परत मारावे लागले. नदी गेली, हरणे गेली, उजवीकडची सगळी झाडे गेली. घोडा आहे. त्याच्यावर वर्तमानपत्र चिकटवले आहे. बाई येता-जाता विचारतात, "घोडा कधी?" मी म्हणतो, "उद्या." हे चार दिवस चालले आहे.

आता नव्या भिंतीबद्दल. ती झाडासारखी आहे. एका बुंध्यातून सगळे सजीव निघतात आणि मोठ्या फांद्या फक्त तीन. पहिली जिवाणूंची. दुसरी आर्किया नावाच्या जिवांची. तेही डोळ्याला न दिसणारे, काही उकळत्या झऱ्यात राहतात, काही मिठागरात. तिसरी फांदी ज्यांच्या पेशीत गाभा असतो, म्हणजे पिशवीत घालून ठेवल्यासारखे केंद्रक असते, त्यांची. झाडे, आळिंब्या, किडे, मासे, घोडा, आपण, सगळे या एकाच फांदीवर. तुमची आख्खी भिंत, मास्तर, नव्या भिंतीच्या एका फांदीत मावते.

मला ते फार लागले. मी म्हणालो, "बाई, जे दिसतच नाहीत त्यांना दोन फांद्या, आणि जे दिसतात त्या सगळ्यांना मिळून एक?"

"तू पेंटर आहेस म्हणून दिसण्याचं एवढं मनावर घेतोस," बाई हसल्या. "पृथ्वीवर बराच काळ फक्त तेच होते. आपण मागून आलो."

आर्किया आणि जिवाणू सूक्ष्मदर्शकातून पाहिले तर सारखेच वाटतात. मी स्वतः पाहिले, मला काही फरक कळला नाही. पुष्कळ वर्षे शास्त्रज्ञांनीही त्यांना एकाच घरात धरले होते. आतली रचना तपासली तेव्हा कळले की आर्किया जिवाणूंपेक्षा आपल्याला जवळचे. हे मला एकदम समजले. दोन पाट्या दुरून एकाच हाताच्या वाटतात, पण जवळ जाऊन ब्रश कुठे टेकवला, कुठे उचलला ते पाहिले की कळते, माणूस वेगळा. हे मला तुम्हीच बाजारातल्या पाट्या दाखवून शिकवले आहे. बाईंना सांगितले तर त्या म्हणाल्या, "हे मी वर्गात वापरणार." मी म्हणालो, मास्तरांचे आहे, त्यांना विचारा.

चित्र मोठे करून कागदावर काढले. रेषांवर टाचणीने भोके पाडली. आता कागद भिंतीला लावून वरून निळीची पुरचुंडी आपटली की भोकांतून नीळ झिरपून झाड भिंतीवर उतरेल. कागदाची सुलटी बाजू कळावी म्हणून वरचा उजवा कोपरा कापला आहे, तुमचा नियम. काळजी नसावी.

टिंब

१३ मार्च, गुरुवार
सकाळी नऊ. काही करत नव्हतो.

मास्तर,

काळजी असावी.

घडले ते क्रमाने लिहितो. सोमवारी झाड भिंतीवर उतरवले. मंगळवार, बुधवार दोन्ही दिवस फांद्या रंगवल्या. बुंधा तुम्हालाही आवडला असता. आज सकाळी प्रत्येक फांदीच्या टोकाला पेन्सिलीने खुणा करत होतो, इथे आळिंबी, इथे किडा, इथे मासा. इथले रखवालदार चहा घेऊन आले. ते दिवसभर दाराशी बसून माझी मजा बघतात.

"काय हो पेंटर, आळिंब्यांचं कपाट उजवीकडे, आणि तुमच्या आळिंब्या निघाल्या डावीकडे. बस चुकली की काय त्यांची?"

मी खाली उतरून पाहिले. भिंतीखाली काचेची कपाटे आधीच बसवलेली आहेत, जमिनीला स्क्रूने. आळिंब्यांच्या प्रतिकृती आणि किड्यांच्या पेट्या उजवीकडे, जिवाणूंच्या बशा डावीकडे. बाईंच्या चित्रात अगदी तसेच आहे. माझ्या भिंतीवर बरोबर उलटे.

मास्तर, कोपरा मीच कापला. पण भोके पाडून झाल्यावर त्यांच्या कडा घासायला कागद पालथा घातला होता, आणि कोपरा तेव्हा कापला. म्हणजे उलट्या बाजूला सुलटी म्हणून खूण केली. मग तुमच्या नियमावर डोळे मिटून विश्वास ठेवला आणि आख्खे झाड आरशातले उमटले. समोर आलेल्या बाजूला नुसती भोकेच होती, नावे नव्हती, त्यामुळे रेषा गुळगुळीत आहे ना, एवढेच बघत राहिलो.

रखवालदार म्हणाले, "मग आता?"

"आता मला काढतील."

"काढतील कशाला? आळिंब्यांनाच सांगा पलीकडे जायला."

बाई परगावी गेल्या आहेत, सोमवारी येतील. उद्घाटन अठ्ठावीसला आहे. पांढरा हात मारून परत सगळे करायचे तर तपकिरी रंग खालून डोकावेल, दोन हात लागतील. शिवाय रंग संपत आला आहे. तुम्ही काय केले असते? दोन ओळी पुरतील. ओरडलात तरी चालेल.

टिंब

१८ मार्च, मंगळवार
रात्रीचे आठ. जेवून आलो. बऱ्याच दिवसांनी पोटभर.

मास्तर,

तुमच्या दोन ओळी मिळाल्या. "कागद पालथा असताना कोपरा कापणाऱ्याला मी शिकवलेलं नाही. बाईंना सगळं खरं सांग." अक्षर काकूंचे आहे, पण वाक्ये तुमची आहेत.

काल सकाळी बाई आल्या. मी दाराशीच उभा होतो. म्हणालो, "बाई, झाड उलटे आले आहे. भरपाई माझ्या मजुरीतून कापा." त्या आत गेल्या, पर्स खांद्यावरच ठेवून भिंतीसमोर उभ्या राहिल्या, आणि बोटाने हवेत काहीतरी मोजू लागल्या. मला वाटले, दंड मोजत आहेत.

"बरोबर आहे की," त्या म्हणाल्या.

"उलटे आहे, बाई."

"अरे, पाळण्यावर टांगतात ते चिमण्यांचं खेळणं आठव. वारा आला की फिरतं. या बाजूची चिमणी त्या बाजूला जाते. म्हणून दोऱ्या बदलतात का? कोणती चिमणी कोणत्या काडीला बांधलीय, ते तसंच राहतं. झाडातही तेच. कोण कोणाच्या डावीकडे बसलंय याला काही अर्थ नाही. कोण कुठल्या फाट्यावर वेगळा झाला, तेवढं बघायचं. आळिंबी आणि प्राण्यांचा फाटा एकच आहे ना?"

"आहे."

"आर्किया आपल्या बाजूच्या फाट्यावर?"

"आहेत."

"मग कसली भरपाई घेऊन बसलास?"

रखवालदार दारातून म्हणाले, "म्हणजे आता कपाटं मी हलवायची. चूक पेंटरची, पाठ माझी."

मग बाईंचे लक्ष वर्तमानपत्राकडे गेले. प्राण्यांची फांदी आता डावीकडे आली आहे, आणि तुमचे प्राणी डावीकडेच होते. त्यांनी स्वतः कागद सोडवला. फांदी खालून येते आणि घोड्याच्या खुरांखाली दोन विती अंतरावर संपते.

"हा म्हणून उद्या-उद्या करत होतास."

मी हो म्हणालो.

"राहू दे. फांदी त्याच्या पायापर्यंत ने," त्या म्हणाल्या. मला आनंद व्हायच्या आतच पुढे म्हणाल्या, "पण एक अट आहे. तो आत्ता सगळ्यांच्या वर उभा आहे. मुलं येतील आणि म्हणतील, घोडा सगळ्यात पुढे गेला आणि जिवाणू बिचारे खाली राहिले. तसं नसतं. आज जे जे जिवंत आहे ते सगळं बुंध्यापासून सारख्याच काळाचा प्रवास करून आलंय. सगळी टोकं एका उंचीवर पाहिजेत. घोडा राहणार असेल तर जिवाणूही घोड्याच्या उंचीवर."

म्हणजे सगळ्या भिंतीवरची झाडून सारी टोके दोन विती वर न्यायची. दहा दिवसांत. मी हो म्हटले. नाही म्हटले असते तर सोपे होते, घोड्यावर एक पांढरा हात मारला की संपले. पण ते माझ्याने होणार नाही हे आतापर्यंत बाईंनाही कळले असावे.

आता मागणे. घोड्याच्या पुढच्या उजव्या खुराचा रंग सुटला आहे, गुडघ्यापर्यंत पापुद्रे निघतात. त्याला तुम्ही सांगितल्याशिवाय मी हात लावणार नाही. तुम्ही या. ब्रश धरायचा नसेल तर धरू नका, नुसते बसून सांगा. आणि टोकांवर जिवाणू काढायचे आहेत पुष्कळ, माझ्या एकट्याच्याने उरकत नाहीत.

काकू, हे पत्र वाचून झाल्यावर त्यांच्या चपला दारात ठेवा.

टिंब

३० मार्च, रविवार
सकाळी दहा. ब्रश रॉकेलमध्ये धुऊन वाळत ठेवले.

मास्तर,

तुम्ही शुक्रवारी सकाळच्या बसने निघून गेलात. उद्घाटनाची गर्दी सोसत नाही म्हणालात. म्हणून नंतरचे लिहितो. आधीचेही थोडे लिहितो, तुम्ही घरी नीट सांगितले नसणार आणि काकूंना ऐकायचे असणार.

काकू, मास्तर मंगळवारी आले. दारातच थांबले. सगळी भिंत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पाहिली आणि पहिले वाक्य म्हणाले, "पांढरा चांगला लागलाय." मी दुसऱ्या वाक्याची वाट बघत होतो, ते आलेच नाही. मग बाई आल्या.

"देवमासा मी माशांत काढला होता," मास्तर त्यांना म्हणाले. "तेव्हा कोणी सांगितलं नाही, की तो आपल्यातला आहे म्हणून."

"मी सांगितलं होतं. मी तेव्हा पहिल्या वर्षाला होते. तुम्ही शिडीवरून म्हणालात, पाण्यात पोहतो तर मासाच, तू अभ्यास कर जा."

"मग केलात ना?" मास्तर म्हणाले.

बाईंना इतके हसू आले की रखवालदार आत बघायला आले.

खुराचे असे झाले. मी त्यांच्यासाठी खोके ठेवले होते, त्यावर ते बसले. तपकिरी रंग मी तयार केला, ब्रश त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो घोड्यापर्यंत नेला. ब्रशचे टोक हलत होते. त्यांनी ते थोडा वेळ पाहिले, मग ब्रश मला परत दिला.

"तू कर."

"मास्तर, मी..."

"माझ्याकडे बघून काय मिळणार? खुराकडे बघ. तपकिरीत थोडा काळा टाक. थोडा म्हटलं. आता डांबर केलंस."

दोन तास लागले. एकदाही ते वाहवा म्हणाले नाहीत. शेवटी उठले, डोळे बारीक करून पाहिले आणि विचारले, "नवा खूर कुठला?" मला वाटले चिडवत आहेत. पण नाही, खरेच विचारत होते. मी दाखवला.

नंतर ते भिंतीच्या दुसऱ्या टोकाला गेले, जिथे जिवाणूंची टोके रिकामी होती. मी शिडी लावू लागलो तर म्हणाले, दोन फळ्यांचे मचाण बांध, बसून करीन. बाईंनी पुस्तकातली चित्रे दिली. काही गोल, काही काडीसारखे, काही पिळाचे, काहींना शेपट्या. मास्तरांनी पहिला काढला. हात हलला, शेपटीला एक लाट जास्त आली. ते थांबले. मी बाईंकडे पाहिले. बाई म्हणाल्या, "असाच असतो तो. स्थिर कुठे बसतो?"

मास्तर म्हणाले, "घोड्याचं वाईट. चार पाय असतात, एक चुकला तर बाजारातलं पोरही सांगतं. यांचं बरं आहे, यांना कोणी ओळखत नाही."

आणि मग तीन दिवस ते उतरायला तयार नव्हते. जेवायला हाक मारली तर म्हणायचे, "थांब, एवढा एक." बुधवारी ते शीळ वाजवत होते. काकू, मी दुकानात सहा वर्षे आहे, मी ती शीळ कधी ऐकली नव्हती. तुम्ही ऐकली असेल.

आता मास्तरांसाठी. शुक्रवारी शाळेची मुले आली. अर्ध्यांहून जास्त घोड्यापाशी गेली, ते होणारच होते. पण एक मुलगी दुसऱ्या टोकाला जिवाणूंपाशी उभी राहून शेपट्या मोजत होती. मग तिने मान वळवून घोड्याकडे पाहिले, परत जिवाणूंकडे पाहिले, आणि हात आडवा धरून एक डोळा मिटून उंची जुळवली. "सारखेच आहेत!" असे ती मैत्रिणीला ओरडून म्हणाली. बाई माझ्या शेजारीच होत्या. त्यांनी माझ्या दंडावर कोपराने असे ढोसले की मी भिंतीवर टेकलो. रंग ओला असता तर शर्ट गेला असता.

बाईंनी पुढचे विचारले आहे. पावसाळ्यानंतर कीटकांचे दालन करायचे आहे. मी सांगितले की दुकानाचे काम आहे, मास्तरांना विचारून कळवतो.

हिशेब खाली देतो. जिवाणूंचा दर तुम्हीच चेष्टेत "नगाला पाच" म्हणाला होता, मी तोच धरला आहे.

कॉलेजकडून मिळाले: १०,००० रुपये
कॉलेजकडून येणे: ४,००० रुपये (बाई म्हणतात पंधरा तारखेपर्यंत)

खर्च:
चुना, रंग, ब्रश: ३,२६५
खाणावळ, दोघांची: १,४८०
मास्तरांचे बसभाडे, येण्याजाण्याचे: १२०
जिवाणू, ४६ नग: २३०
आर्किया, १९ नग: ९५
घोड्याचा खूर: काही नाही, तो शिकण्यात धरला
एकूण: ५,१९० रुपये

हातात शिल्लक: ४,८१० रुपये. पाठवत नाही. गुरुवारी दुकान उघडायला येतो, तेव्हा गल्ल्यात टाकीन.

टिंब